कोणी लागत नाहीत

प्रिय काका,

हो, काकाच लिहिलंय. आधी ‘माननीय’ लिहून पाहिलं, माझं मलाच हसू आलं, मग रडू. कागद फाडला.

आई बरी आहे. माझी बॅग रोज भरते आणि रोज उपसते. लोकरीचे मोजे वर असावेत की तळाला, यावर तिचं स्वतःशीच जमत नाही. आपल्या दातांच्या कारखान्यातही सगळं ठीक. तुम्ही परदेशी जाऊन स्वतःचा कारखाना टाकलात, तरी खिडकीजवळचं ते टेबल अजून तुमचंच म्हणतात. कालच एका आजोबांची कवळी घासून दिली. लावून बघितली नि म्हणाले, हिच्यात मी माझ्या थोरल्या भावासारखा हसतो, आणि आमचं तर बोलणं बंद आहे! तुम्ही असता तर प्लास्टरचा साचा हातातून सोडून हसला असता.

तुमचं नि बाबांचं टेबल शेजारी शेजारी होतं, एवढंच तर नातं. पण बाबा गेले त्या वर्षी शाळेत पालक म्हणून तुम्ही आलात, बाईंना बिनधास्त सांगितलंत, “मी काका.” कुठले काका, सख्खे की चुलत, कोणी विचारलं नाही. दहावीत सायकलवरून तोंडावर आपटले तेव्हा माझा पुढचा दात तुम्हीच केलात. जरा पिवळट ठेवला म्हणून मी किती आकांडतांडव केलं! तुम्ही म्हणालात, अगं बत्तिशे, पांढराशुभ्र केला तर लगेच खोटा कळेल. तो अजून तस्साच आहे. कोणाला कळत नाही.

आता व्हिसाच्या मुलाखतीचं. तुम्ही फोनवर होतात, पण अर्धंच ऐकलंत. खोलीत एक साहेब आणि आपली भाषा त्यांना समजावून सांगणाऱ्या एक बाई. कुठे काम करणार, असं विचारलं. मी झटक्यात म्हणाले, “काकांकडे.” बाईंनी जसंच्या तसं भाषांतर केलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. कामाच्या या परवान्यावर मालकाला आपल्या नात्यातलं माणूस बोलावता येत नाही, आणि अर्जात आपण ‘नातं नाही’ असं लिहिलेलं. मग त्यांनी तुम्हाला फोन लावला, आवाज मोठा करून. बाईंनी विचारलं, ही तुमची कोण लागते? आणि तुम्ही! तुम्हाला तरी काही सुचायला नको का? गडगडाटी हसून म्हणालात, “अहो, लागते काय विचारता, माझीच पोर आहे ती!”

बाई भाषांतर करायला तोंड उघडणार तेवढ्यात मी ओरडलेच. “नाही हो, ते माझे कोणी लागत नाहीत. बाबांबरोबर कामाला होते, बस.” पलीकडून तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता त्या आवाजात म्हणालात, “बरोबर आहे. कोणी नाही. कामाला घेतलंय.” साहेबांचं समाधान झालं. व्हिसा मिळाला.

खोटं काही बोलले नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं! पण ते ‘बस’ कोणी मागितलं होतं, काका? ‘बाबांबरोबर कामाला होते’ एवढ्यावर भागलं असतं. खरं सांगू? तुमचं ते मोठ्याने हसणं त्या चकचकीत खोलीत घुमलं, साहेबांनी भुवया उचलल्या, आणि मला तुमची लाज वाटली. क्षणभरच, पण वाटली. त्या लाजेतून ते ‘बस’ निघालं. तुम्ही केलेला दात ज्या तोंडात आहे, त्याच तोंडातून. आता आरशासमोर तोंड धुतानाही मी खाली बघते. आई विचारते, काकांशी बोललीस का? मी सांगते, फोन लागत नाही. फोन लावलाच नाही, तर लागेल कुठून?

आणि मग तुमचा तो निरोप आला. “आपला व्हिसा झाल्याचं कळलं. तिकीट काढून कळवा.” कळवा! मला! जिला जन्मभर ‘ए बत्तिशे’ म्हणून हाक मारलीत, तिला ‘आपला’? शिव्या दिल्या असत्यात तर ऐकून घेतल्या असत्या. हा मान सोसवत नाही हो. तुम्ही रागावून लिहिलंत की परवान्याला धक्का लागू नये म्हणून जपून, तेही मला कळत नाही, आणि फोनवर विचारायला तोंड नाही. म्हणून हे पत्र. बॅग भरलेली आहे, तिकीट काढलेलं नाही. तिथे कारखान्यात चारचौघांत मी तुम्हाला साहेब म्हणेन, तुम्ही मला अहो-जाहो करा, चालेल. पण या पत्राला एकाच शब्दाचं उत्तर पाठवा. ‘या’ लिहिलंत, तर मी येणार नाही. ‘ये’ लिहा.

तुमचीच,
बत्तिशी