यतिनचं नाव वगळून

मी, सुयश दादाराव मेश्राम, वय बेचाळीस, मूळचा नागपूरचा, सध्या राहणार ट्रुगानिना, मेलबर्न, अपघातात चेपलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करून पोट भरणारा, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेलं नाही (निदान या आठवड्यात तरी नाही), आणि खाली आहे ती माझी स्वतःची इच्छा आहे. माझ्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. सही डाव्या हाताची आहे. ती वेगळी दिसते म्हणून कोणी शंका काढू नये.

येत्या मंगळवारी मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. परवा डिटेक्टिव्ह बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यू गॉट अ विल, मेट?" मी म्हटलं, आहे. घरी येऊन ते काढून वाचलं आणि लगेच हे नवीन लिहायला बसलो. इंग्रजी भाषांतर वकील करून जोडणार आहेत.

१. माझं पूर्वीचं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते पॉइंट कुकला यतिन कर्णिकच्या किचन टेबलवर झालं होतं. त्यात व्यवस्थापक म्हणून त्याचं नाव होतं. रूपाली आणि मी दोघंही नसलो तर आमची मुलगी सावनी हिचा पालक म्हणूनही त्याचंच. दोन्ही ठिकाणांहून मी ते नाव काढत आहे. कारण इथेच लिहितो, म्हणजे सावनी मोठी झाल्यावर तिला लोकांच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

२. ट्रुगानिनाचं घर आणि बँकेत जे असेल ते सगळं माझी पत्नी रूपाली हिचं. यतिन तिला पहिल्यापासून पटला नव्हता. "फार गोड बोलतो तुझा मित्र," एवढंच ती म्हणायची, आणि मी चिडायचो. एवढं सगळं होऊनही "मी म्हटलं नव्हतं का?" हे वाक्य तिने आजवर उच्चारलेलं नाही. त्याबद्दल घराखेरीज आणखी काही देता आलं असतं तर दिलं असतं.

३. यतिनबद्दल खरं तेच लिहायचं, तर चांगलंही लिहायला हवं. आम्ही वॉलॉंगॉंगला युनिमध्ये भेटलो. माझं आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न न विचारणारा तो पहिला मराठी मुलगा. एका खोलीत राहिलो, एका भांड्यातली खिचडी खाल्ली. शिफ्टवरून आलो की त्याच्या लॅपटॉपवर ब्रिटिश गँगस्टरचे सिनेमे बघायचो, आणि तो त्यांच्यासारखं तोंड वाकडं करून मला "यू आर फॅमिली, सन" म्हणायचा. एकदा स्टेशनबाहेर तीन दारुड्यांनी मला धरलं. यतिन पळून जाऊ शकला असता, पण तो मध्ये पडला. त्याचा पुढचा एक दात खोटा आहे तो माझ्यामुळे. त्या दिवसापासून मी त्याला भाऊ मानत आलो. आईवडिलांनंतर मी कोणाचं ऐकत असेन तर त्याचं.

४. वर्कशॉपमधली जी हत्यारं आगीतून वाचली ती गणेश पाटोळे याला द्यावीत. गणेश माझ्याकडे गाड्यांना रंग मारायचा. पत्रा आवळून धरायचा बाकावरचा मोठा व्हाइसही त्यालाच द्यावा. गणेश नको म्हणेल, कारण त्या लोकांनी माझा हात त्यातच आवळला. पण वस्तू चांगली आहे आणि तिचा काही दोष नाही.

काय झालं ते असं. यतिनचा टो-ट्रकचा धंदा होता. बंद पडलेल्या गाड्यांबरोबर तो चोरट्या सिगारेटची खोकीही वाहायचा, हे मला माहीत नव्हतं. खोकी ज्याची होती त्याला सगळे 'अंकल' म्हणत. एक खेप यतिनने परस्पर दुसऱ्याला विकली. अंकलची माणसं विचारायला आली तेव्हा त्याने सांगितलं, माल सुयशच्या वर्कशॉपमध्ये ठेवला होता, त्यानेच गायब केला.

त्या दुपारी मी शटर ओढून निघतच होतो. सावनीला स्विमिंगला न्यायचं होतं. तेवढ्यात यतिनचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"निघालोय. का रे?"

"अरे थांब ना दहा मिनिटं. मी येतोय. वडापाव घेतलेत तुझ्यासाठी."

मी रूपालीला फोन करून सावनीला न्यायला सांगितलं, आणि चहाचं पाणी ठेवलं. दोन कप काढले. तीन माणसं आली, त्यांत यतिन नव्हता. माल कुठे आहे, हे ते विचारत राहिले, आणि मी कसला माल, हे विचारत राहिलो. शेवटी त्यांनी पेट्रोल ओतून काडी लावली आणि निघून गेले. गणेश त्याचं जाकीट विसरला होता म्हणून परत आला. त्याने व्हाइस सैल करून मला बाहेर ओढलं. तो परत आला नसता तर हे मृत्युपत्र करायला मी उरलो नसतो.

५. हॉस्पिटलमध्ये यतिन रोज यायचा. माझ्या पलंगाशी बसून रडायचा. डब्यातला वरणभात कालवून मला स्वतःच्या हाताने भरवायचा. नर्सला वाटायचं तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि मीही "येस, ब्रदर" म्हणायचो. पोलिसांना मी सांगितलं की कोणी का मारलं, मला काही कल्पना नाही. मारलं त्याचं मी विसरेनही कदाचित. तो वरणभात माझ्या घशाखाली गेला, हे मला सहन होत नाही.

६. सावनीच्या पालकत्वासाठी यतिनच्या जागी मी त्याची पत्नी मयूरा हिचं नाव घालत आहे. लोकांना नवल वाटेल. एका रविवारी सकाळी ती गाडीत बॅगा घालून, स्वतःच्या मुलीला घेऊन आमच्या दारात आली. आत यायला तयार नव्हती. दारातच म्हणाली, "सुयश, त्या दुपारी ती माणसं आमच्या हॉलमध्ये बसली होती. फोन स्पीकरवर होता. मी किचनमध्ये होते, मी सगळं ऐकलं." मग म्हणाली, "मीही गप्प बसले. मलाही शिव्या घाल." रूपालीने तिच्या हातातली बॅग घेतली. मयूराही मंगळवारी साक्ष देणार आहे. नवऱ्याविरुद्ध खरं बोलायला जी उभी राहते तिच्या हाती माझी मुलगी सुरक्षित राहील.

७. मयूराने सांगितल्यावर मी पॉइंट कुकला गेलो होतो, हेही नोंदवून ठेवतो, कारण यतिन कदाचित वेगळं सांगेल. मी त्याला हात लावला नाही. लावायला हात होता कुठे?

तो म्हणाला, "बस ना. चहा टाकतो."

मी म्हटलं, "मला थांबायला का सांगितलंस?"

त्याने खोट्या दातावरून जीभ फिरवली. मग म्हणाला, "तू सापडला नसतास तर ते परत इथे आले असते. मला पोरगी आहे, सुयश."

"मला नाही?"

"मला वाटलं धमकी देऊन सोडतील. आईशप्पथ."

"मग हॉस्पिटलमध्ये का नाही बोललास?"

"तू मला भाऊ म्हणत होतास रे सगळ्यांसमोर. कसं बोलणार?"

निघताना तो दारापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कोर्टात फोनचं नको काढूस. मयूराचं काय, बायको चिडून बोलते म्हणता येईल. तू बोललास तर मी संपलो. एवढं कर, आपल्या वॉलॉंगॉंगसाठी." त्या गावाचं नाव त्याने तेव्हा घ्यायला नको होतं. तोवर माझं नक्की ठरलेलं नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या मी डिटेक्टिव्ह बाईंना फोन लावला.

८. माझी बॅट, पॅड आणि किटबॅग आपल्या मराठी क्रिकेट क्लबला देऊ नये. पोलिसांचं प्रकरण झाल्यावर "फॅमिलीज आहेत, समजून घे" असं लिहून त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. यतिन अजून ग्रुपमध्ये आहे आणि सगळ्यांना गुड मॉर्निंग पाठवतो. किट शेजारच्या पंजाबी कुटुंबाला द्यावं. त्यांनी आम्हाला जेवण पोचवलं आणि एकही प्रश्न विचारला नाही.

९. माझे वडील दादाराव यांना नागपूरला अजून एवढंच माहीत आहे की मशीनमध्ये हात आला. मी गेलो तरी त्यांना तेच माहीत राहू द्यावं. फोनवर ते दर वेळी विचारतात, "यतिन कसा आहे? पोरगा मोठा गुणी." रूपालीने "बरा आहे" म्हणावं.

१०. सावनीसाठी. बेटा, काल तू विचारलंस, "बट ही वॉज नाइस टू मी, बाबा. वॉज दॅट फेक?" विचार करून आज लिहितो: नव्हतं. त्याचं तुझ्यावर प्रेम होतं, माझ्यावरही होतं. त्याचं स्वतःवर जास्त होतं, एवढंच. मित्र कर. बापाकडे बघून मित्र करणं सोडू नकोस.

११. मंगळवारनंतर माझं काही बरंवाईट झालं तर अंत्यविधी साधा करावा. विहारातल्या लोकांना बोलवावं, त्रिशरण-पंचशील म्हणावं, भाषणं नकोत. यतिन तुरुंगाबाहेर असला तर तो येईल. मी त्याला ओळखतो, तो नक्की येईल आणि सगळ्यांत मोठ्याने रडेल. त्याला कोणी हाकलू नये, गणेशने अंगावर जाऊ नये. मयूराने हवं तर त्याला पाणी द्यावं. त्याला मागच्या रांगेत बसू द्यावं. फक्त शेवटचं दर्शन घ्यायला तो पुढे आला, तर रूपालीने त्याआधी पेटी बंद करून घ्यावी. माझं तोंड त्याला दाखवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे, दोनदा वाचला आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. व्यवस्थापक म्हणून रूपाली काम पाहील. साक्षीदारांना यातलं काहीही मिळत नाही. सहीनंतर त्यांना आमच्याकडे जेवायला थांबवलं आहे, तेवढं सोडून.

(सही, डाव्या हाताची) सुयश दादाराव मेश्राम

साक्षीदार:
चारुता प्रभुदेसाई, फार्मासिस्ट, ट्रुगानिना
प्रणव ढोबळे, बसचालक, ट्रुगानिना

स्थळ: ट्रुगानिना, मेलबर्न
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५