डाव्या बाजूची चेन

रविवार, १४ डिसेंबर

आज कॉलेज रोडवर जाऊन स्लीपिंग बॅग घेतली. पुढच्या शनिवारी साल्हेर किल्ल्यावर मुक्काम आहे, आणि पहिल्यांदाच अविनाशशिवाय. वीस वर्षं बरोबर चढलो, आता नवऱ्याच्या गुडघ्यांनी नाही म्हटलंय.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "काकू, पाच अंश थंडीपर्यंतची देऊ की शून्यापर्यंतची? थंडी जास्त वाजते का तुम्हाला?" मला सांगताच येईना. माझी जुनी, आता फाटलेली, पाचाचीच होती आणि पुरली. पण तिची चेन डावीकडे, अविनाशच्या बॅगेची उजवीकडे. दोन्ही जोडून आम्ही एकच करायचो. त्यातली ऊब बॅगेची किती आणि त्याच्या पाठीची किती? एकटीला पाच कशी पुरणार... शून्याची घेतली.

घरी अविनाशने लेबल वाचलं. "शून्य बरोबर. तू फार गारठतेस." हे त्यालाच माहीत, मला नाही. मग त्याचा हात चेनवर थांबला.

"डावीकडची?"

"त्यांच्याकडे होती ती दिली," म्हणाले मी.

दुकानात समोर सगळ्या उजवीकडच्याच होत्या. डावीकडची मी आतून शोधून आणायला लावली.