कमानीतल्या सळया

मंगळवार, संध्याकाळ. केदारखेडा.

नव्या खोलीच्या खिडकीपासून जमिनीपर्यंत तिरपी भेग गेलीय. बोट आत जातं. आईची खाट तिथंच!

एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात दिवसभर सळया काढून राह्यलो मी, अन् माझ्याच घराच्या भिंतीत एक सळई न्हाई. खोलीच्या चार कोपऱ्यांसाठी पाठवल्त्या. दादानं फाटकाच्या कमानीत घातल्या. कमानीवर आडनाव पाहिजे होतं ना साहेबांना.

"विटा पक्क्या हायेत, कशाला खर्चा?" म्हणे. अरे, पक्क्या विटांचं काय लोणचं घालतो? खालची काळी माती फुगली की भिंत तिरपी ताणली जाते, विटेवरून वीट सरकते. कोपऱ्यात सळयांचे खांब अन् वर काँक्रीटचा पट्टा असला, तरच ती पेंढीसारखी आवळून राहते. किती डोकं फोडलं त्याच्यापुढं! सख्खा भाऊ असा कसा?

आज त्यानं भेगेवर राजूरच्या गणपतीचा फोटो टांगला. "आता बिलकुल काळजी करू नको."

गणपतीला भिंत धरायला लावतो!

मी आईची खाट उचलली अन् कमानीखाली नेऊन टाकली. सगळी गल्ली बघत होती. दादा धावत आला. "हे काय?"

"सळया इथं हायेत. मंग आई बी इथंच झोपल."