पांढरकवड्यात झालेलं माझं मरण आणि याडीच्या रडण्याची व्यवस्था

मी, भारत धरमसिंग आडे, वय चोवीस, धंदा मिळेल तो, राहणार फुलसावंगीजवळचा तांडा पण तिथं सापडेनच असं नाही, आज पूर्ण शुद्धीत, दारू न पिता, कोणाच्या धाकात न येता हे मृत्युपत्र करतो. तहसीलसमोर अर्ज लिहिणारे सदाशिवराव म्हणाले, "या वयात कायले बाप्पा?" त्यांना सांगितलं, परवाच्या रविवारी मी मेलो. लोकांनी पाह्यलं. माझ्या सामानाची वाटणी माझ्यासमोर झाली आणि ती बरोबर झाली नाही.

काय घडलं ते आधी लिहितो, नाहीतर कलमं कळणार नाहीत.

पांढरकवड्यात हायवेला लागून कापसाची बंद पडलेली जिनिंग आहे. तिथं अपेक्षा दीदींनी कलाकेंद्र काढलं. फुलांची चित्रं टांगतात तशातलं नाही. आसपास जे घडते आणि कोणी बोलत नाही ते तिथं मांडतात. मागे दारूपायी मोडलेल्या घरांचे दरवाजे आणून उभे केले होते. त्यातला एक मी ओळखला, पण ते जाऊ द्या. मी हैदराबादेकडून ट्रकवर येऊन राह्यलो होतो, चहाला उतरलो आणि राहिलो. वायरिंग करतो, झाडतो, सांगतील ते उचलतो.

या वेळचं काम फवारणीचं विष चढून गेलेल्या माणसांवर होतं. मी जमिनीवर पांढऱ्या कापडाखाली पडायचं, उशाशी दिवा, बाजूला फवारणीचा पंप, पाय उघडे. दिवा विझेपर्यंत हलायचं नाही. कापडाची किनार आमच्या तांड्यातल्या बायकांकडून टाक्यांनी भरून घेतली होती. ते कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. रविवारी त्यांना जीपमध्ये घालून आपलं काम पाहायला आणलं. त्यात माझी आई सोनीबाई होती. आम्ही आईला याडी म्हणतो. मी पांढरकवड्यात आहे हे तिला माहीत नव्हतं, होळीपासून मी फोन केला नव्हता. ती आपले टाके ओळखून पुढे आली आणि खाली तिला माझ्या घोट्यावरचा काटेरी तारेचा व्रण दिसला.

आमच्यात बाई मेलेल्यापाशी सुरात रडते. त्याचं नाव घेते, त्याचं काय काय मागे राहिलं ते सांगते, ते आता कोणाला जाईल तेही सांगते. नागपूरच्या पाहुण्यांना वाटलं गाणं आहे. ते मांडी घालून बसले. कापडाखाली मलाही वाटलं, दीदींनी याडीला कामात घेतलं. मनात म्हटलं, लय भारी रडून राह्यली. मग तिनं माझ्या तळव्यांना गाल लावला. गाल ओला होता. आमच्या बोलीत हळूच म्हणाली, "तुले ताटावरून उठवलं होतं रे मी. आता कोणत्या तोंडानं जेवू?" हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. मी उठून बसलो. टाळ्या वाजल्या. याडीनं मला दोन थापडा मारल्या, तेव्हा आणखी वाजल्या.

 

कलम एक. माझी मोटारसायकल याडीनं रडताना चुलतभाऊ फुलचंदला दिली. ते रद्द. फुलचंदनं तांड्याचा नगारा उमरखेडच्या बाजारात विकला आणि नाव माझं घेतलं. याडीनं त्याचं खरं मानून मला ताटावरून उठवलं. गाडी माझी बहीण पुष्पा हिला द्यावी. तिला चालवता येते, हे घरी माहीत नव्हतं. आता झालं.

कलम दोन. पंक्चरची हत्यारं केंद्राच्या चौकीदाराला, उकंडाला. तो म्हणतो, "मले पंक्चर काढता येत नाही." शिकावं.

कलम तीन. तांड्यातली टिनाची खोली याडीची. फुलचंदनं तिथं गुरांचं कुटार ठेवू नये.

कलम चार. त्या दिवशी याडीच्या रडण्याचं शूटिंग झालं. मी केंद्राच्या कागदावर न वाचता सही केली होती, म्हणून ते केंद्राचं झालं. दीदी म्हणाल्या, "भारत, आपण हे पुण्याला दाखवू. इतकं खरं काम मी पाहिलं नाही."

"दीदी, ते काम नव्हतं."

"म्हणूनच तर."

म्हणून ते रडणं मृत्युपत्रानं याडीला द्यायला मी सदाशिवरावांकडे आलो. ते हसले. "अरे, मृत्युपत्र तू मेल्यावर लागू होते. तोवर त्या दीदी शंभर जागी दाखवतील." हे मला ठाऊक नव्हतं. मग पुष्पा याडीला घेऊन आली आणि तिलाच विचारलं. याडी त्यांच्या बाकावर टेकली. मग म्हणाली, "दाखवू द्या. ज्याईचे पोरं खरंच गेले त्याईच्या मायाबी अशाच रडल्या असतीन, त्याईले कोणं पाह्यलं? पण हा बाजूले उभा पाहिजे. माहं रडणं सरलं का यानं पुढं यावं आन् सांगावं, मी जिता हावो, हे माही माय हाय."

सदाशिवरावांनी विचारलं, "आणि हा गेल्यावर?"

याडी त्यांच्यावर भडकली, काय अभद्र बोलता म्हणून. मग खाली पाहत म्हणाली, "मंग पुसून टाका. मंग ते लोकाईले दाखवाचं नसते."

त्याप्रमाणे ठरवतो. मी जिवंत आहे तोवर ते चित्रण जिथं दाखवतील तिथं मी हजर राहीन. मी नसेन तिथं दाखवू नये. माझ्या मृत्यूनंतर त्याची एकही प्रत ठेवू नये.

हे वाचून दीदी मला म्हणाल्या, "तू तर उद्या कोणत्या ट्रकवर असशील, देव जाणे." मी म्हटलं, नाही. त्यांनी कलम पुन्हा वाचलं, खाली 'कबूल' लिहिलं आणि सही केली.

ठिकाण: पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२५

करणार: भारत धरमसिंग आडे
साक्षीदार: अपेक्षा वानखडे, सदाशिवराव कोरडे

याडीचा अंगठा इथं लागत नाही, असं सदाशिवराव म्हणाले. तिनं तरी लावला, माझ्या सहीवर.