कॅप्टन शेवटी काय म्हणाला

गोडादरा, सुरत
मंगळवार, पहिली पाळी सुटल्यावर

तीर्थस्वरूप रुक्मिणीजिजी हिला धाकट्या लोटूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. कमलचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून काही झालेलं नाही, त्यामुळे घरात जाग असते. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. उत्तर मला पाठ आहे. दर रविवारी मी फोन करतो, तू "बरं शे" म्हणतेस आणि फोन जयश्रीच्या हातात देतेस. सून गुणाची आहे, ती मला कपाशीचं, म्हशीचं, नातवाच्या दुखऱ्या दाताचं सगळं सांगते. पण मी फोन म्हशीच्या चौकशीला करत नाही गं. दाजींना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू माझ्याशी जेवढं बोललीस तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल, वर पत्ता लिहायला जागा उरेल. असो. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका अपमानाबद्दल आहे. तुझ्यामुळे माझी अडाजणमध्ये पन्नास-साठ शिकल्या-सवरल्या माणसांसमोर चांगलीच शोभा झाली, आणि त्याचा जाब विचारायला तुझ्याइतकं जवळचं मला दुसरं कोण आहे?

तर 'ध्रुवयान' नव्याने आलं आहे. हो, तेच आपलं रविवारी अकराचं, आकाशात फिरणारं. आता ते मोबाइलवर येतं, दर आठवड्याला एक भाग. तुला आठवत नसेल असं मी धरून चालत नाही, तरी सांगतो. अप्पा लिंबायतला कापडाच्या ज्या खात्यात लूम चालवायचे त्याच खात्यात तू बॉबिन भरायचीस, आणि मी अकरा वर्षांचा, रविवारी शाळा नाही म्हणून अप्पांचा डबा घेऊन यायचो. शेठच्या केबिनला काच होती. आत शेठ, पंखा आणि रंगीत टीव्ही. बाहेर आपण, अठ्ठेचाळीस लूम आणि त्यांचा खडखडाट. काचेवर रुईचा थर असायचा, तो तू ओढणीने ताटलीएवढा पुसून घ्यायचीस. त्या ताटलीएवढ्या जागेतून मी अख्खं अंतराळ पाहिलं. आवाज मात्र एक अक्षर ऐकू आला नाही. (लूम थांबल्या तर शेठ बाहेर आला असता, आणि शेठ बाहेर आला तर आपणही बाहेर गेलो असतो.)

पण मला आवाजाची गरजच कुठे होती? खात्यात काम करणारी माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. अप्पा पंधरा हात लांबच्या माणसाशी घरभाड्यावरून भांडायचे आणि आवाज न काढता जिंकायचे. तूही दोन वर्षांत ते शिकली होतीस. तेव्हा तू माझ्या कानाशी तोंड आणून "थांब, सांगस तुले" म्हणालीस की मला कसलीच शंका यायची नाही. कॅप्टनचे ओठ हलायचे आणि तू सांगायचीस. कॅप्टन घरातला थोरला. पांढऱ्या कपड्यातली डॉक्टरीण म्हणजे त्याची वहिनी, ती सारखी बटणं दाबायची, कारण तिला सगळ्यांच्या बट्ट्या वेळेत भाजायच्या असायच्या. हिरव्या तोंडाचा जो दुष्ट होता, तो त्यांचा मामा. लग्नात त्याला टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला म्हणून तो ग्रहामागून ग्रह जाळत निघाला होता. (मला मामाचं म्हणणं पटायचं. टोपी-टॉवेलला असे कितीसे पडतात?) आणि भाग संपताना कॅप्टन त्या चकचकीत डबीत तोंड घालून बोलायचा, ते तर मी झोपेतही सांगेन. तो घरी निरोप धाडायचा: मी खुशाल शे, काळजी करू नका, नळले पानी उनं का?

आता नव्या ध्रुवयानकडे वळतो. मला मोबाइलवर एक ग्रुप सापडला, ध्रुवयानप्रेमींचा. चार हजार माणसं आहेत, आणि नवं ध्रुवयान आल्यापासून चारही हजार सुतकात आहेत. कॅप्टनची दाढी काढली म्हणून एकाने तीन दिवस जेवण सोडलं (फराळ चालू होता). यंत्रमानवाच्या कपाळावरचा दिवा लाल होता तो निळा केला, त्यावरून नवसारीच्या दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. नवं यान म्हणजे भिंतीवरचा एसी दिसतो, असं एका इंजिनिअरने आकृती काढून सिद्ध केलं. काही तरुण पोरं मधूनच म्हणतात की नवंच बरं आहे, जुन्यात तर ग्रहाला लावलेला दोरा दिसतो. त्यांना मग सगळे मिळून असं काही सुनावतात की पोरं बिचारी परीक्षेच्या अभ्यासाला लागतात. मी आठवडाभर नुसतं वाचत होतो. मला इतकं बरं वाटलं जिजी, काय सांगू. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, माझ्या आजूबाजूला दिवसभर माणसंच माणसं असतात, पण एकालाही ध्रुवयान ठाऊक नाही. इथे चार हजार निघाले.

ग्रुपच्या मुख्य जागृतीबेन, निवृत्त शिक्षिका. त्यांनी अडाजणच्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या सुरतवाल्यांना बोलावलं: नवा भाग मोठ्या पडद्यावर बघायचा, लोचो खायचा आणि निषेध करायचा. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भाग संपल्यावर एकेकाने उठून आपलं दुःख मांडायचं होतं. दाढी झाली, दिवा झाला, एसी झाला. माझी पाळी आली. मी उठलो आणि (आपल्या लोकांचा आवाज तुला माहीत आहे, शेजारच्याशी बोललो तरी तिसऱ्या लूमला ऐकू जातं) म्हणालो की दाढीचं एवढं काय घेऊन बसलात, ती परत वाढेल, पण या लोकांनी मामाचा मान-अपमान पार काढून टाकला आहे. तो ग्रह का जाळतो हेच नव्यात कळत नाही. वहिनीला तर नुसती बटणं दाबायला ठेवली आहे, भाजायचं काहीच दाखवत नाहीत. आणि कॅप्टन एकदाही घरी पाण्याची चौकशी करत नाही, असला कसला थोरला?

हॉलमधल्या सगळ्यांनी लोचोच्या बश्या खाली ठेवल्या. जागृतीबेन चष्मा काढून एवढंच म्हणाल्या, "लोटुभाई, आ तमे क्यां जोयुं?" मी छाती पुढे काढून सांगितलं, लिंबायतच्या खात्यात, पहिल्या भागापासून, माझ्या बहिणीबरोबर. तेवढ्यात मागून कामरेजचे एक हितेशभाई उठले आणि म्हणाले, बरोबर आहे यांचं, मामाचा भाग होता, मीही पाहिला आहे, पुढे सरकारने दाबला. झालं! पाच मिनिटांत आणखी तिघांना मामा आठवला. एकाच्या काकाकडे तर त्या भागाची कॅसेट निघाली (काका बडोद्याला, कॅसेटचा पत्ता नाही). दुसऱ्या दिवसापर्यंत ग्रुपमध्ये दोन तट पडले, मामावाले आणि बिनमामावाले. 'मामांना न्याय द्या' असं पत्रक निघालं, त्यावर सातशे माणसांनी नावं घातली. मला दृष्ट लागू नये म्हणून एकाने ताईत पाठवू का विचारलं, एकाने मुलाखत मागितली. चार दिवस मी मोठा माणूस होतो गं. कमलने चहा दोनदा न मागता दिला.

पाचव्या दिवशी जागृतीबेननी मला घरी बोलावलं. बाई शहाणी, चारचौघांत बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे जुने सगळे भाग आहेत, कुठून तरी मिळवलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिसरा भाग लावला. आवाजासकट. जिजी, कॅप्टन हिंदी बोलतो! तेही किती बारीक आवाजात, जणू तिकीट तपासणीसाने पकडलं आहे. डॉक्टरीण कोणाची वहिनी नाही. मामा कोणाचा मामा नाही, तो कसल्याशा ऊर्जेच्या मागे आहे, आणि ती ऊर्जा काय ते त्यालाही नीट माहीत नाही. चकचकीत डबीत कॅप्टन म्हणतो की आजची तारीख अमुक, वेग तमुक. पाण्याचं नाव नाही. मी अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मग म्हणालो, बेन, आवाज बंद करता का? त्यांनी बंद केला, आणि तोंडं हलू लागली, आणि मला तू ऐकू यायला लागलीस. माझ्या डाव्या कानात, जसं तेव्हा. एकोणीस वर्षांची. मला रडू आलं, आणि ते मी दुसऱ्याच्या घरी, अडाजणमध्ये, नव्या सोफ्याजवळ रडलो. त्यांनी मला टिश्यूचा डबा दिला, मी लाजेने एकच कागद घेतला, तो पुरला नाही.

मी रागावलो आहे असं वाटलं असेल तर ते काढून टाक. ओठ वाचतेस म्हणून सांगितलंस आणि वर्षभर एका पोराला थापा मारल्यास, ठीक आहे. दिवसभर हजार बॉबिन भरून, दमून, तू ते सगळं मनाने रचत होतीस, फक्त माझ्यासाठी, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. कळल्यावर तुला सांगायला आणखी वेळ लावायचा नाही, एवढंच मनात आलं.

अडचण पुढे आहे. तुझं लग्न वैशाखात झालं आणि ध्रुवयानचा शेवटचा भाग त्याच्या पुढच्या रविवारी. मी डबा घेऊन गेलो, काच सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि एकटा उभा राहिलो. शेवटी कॅप्टन डोक्यावरचं काढतो, दारात उभा राहतो, मागे वळतो आणि बोलतो. बराच वेळ बोलतो. मी अप्पांचा हात ओढून त्यांना आणलं. अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि "सुट्टी झायी म्हनस" एवढं सांगून डबा उघडला. तेव्हापासून तो कॅप्टन दारातच उभा आहे. या लोकांना त्याचं ते शेवटचं बोलणं तोंडपाठ आहे, काहींनी बनियनवर छापून घेतलं आहे. जागृतीबेन सांगायला लागल्या, तर मी दोन्ही कानांत बोटं घालून त्यांच्या जिन्यावरून खाली पळालो. वॉचमनने मला अडवून काय चोरलं विचारलं. आता नव्याचा शेवटचा भाग येत्या रविवारी आहे, त्यातही तेच बोलणं ठेवणार म्हणे. रिक्षात, चहाच्या टपरीवर, मिलच्या गेटवर कुठेही कोणी ध्रुवयानचं नाव काढलं की मी मोठ्याने खोकतो. कमल म्हणते डॉक्टरला दाखवा. पण मला ते त्यांच्याकडून ऐकायचं नाही. त्यांना काय माहीत तो काय म्हणाला?

बाकी काही विशेष नाही. जयश्रीला आशीर्वाद, नातवाच्या दाताला लवंग.

तुझा,
लोटू

ता. क. वर लिहिलं की हे पत्र त्याबद्दल नाही. ते खोटं आहे. मलाही चार थापा मारता येतात. जयश्रीने गेल्या रविवारी रडत सांगितलं की आई दिवसभर ओट्यावर बसून असतात, कोणी काही विचारलं तर मान हलवतात, शेजारणी येईनाशा झाल्या. जिजी, दाजींबद्दल बोल असं मी म्हणत नाही. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे. मला फक्त तो कॅप्टन दारात उभा राहून काय म्हणाला ते सांग. हिंदीत काहीही असो, तू म्हणशील तेच खरं. लिहून पाठवू नकोस. मला ते कानात पाहिजे.

आणखी एक. तू "येऊ नको" म्हणशील म्हणून आधी विचारलं नाही. शनिवारच्या भुसावळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, अमळनेरला उतरून दुपारच्या जेवणाला पोचतो. एकटाच येतो. तुझ्या शेजारी ओट्यावर बसेन. बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तर मीच ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेईन, आणि मी किती वाईट सांगतो ते कमलला विचार, ती दुसऱ्या मिनिटाला उठून गेली. तू किती वेळ गप्प बसतेस ते बघतोच.