डोळ्यांची विश्रांती

मंगळवार, संध्याकाळ

आज ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांसाठी सुरक्षिततेचे नियम सांगायला एक बाई आल्या होत्या. खुर्ची, मान, मनगट, सगळं दाखवलं. माझे लाल डोळे बघून म्हणाल्या, "घरी तरी स्क्रीन बंद ठेवा, अम्मा." मी हो म्हटलं. पण माझी लेक रेवती कॅनडाला गेल्यापासून स्क्रीनवरच भेटते, हे त्यांना कसं सांगू?

बोगादीला घरी आल्यावर रेवतीला व्हिडिओ न लावता नुसता फोन लावला.

"आई, तोंड दाखव की."

"डोळ्यांना विश्रांती देतेय गं."

ती म्हणाली, "बरं, डोळे मीट. मी सांगते. केस कापलेत मी, खांद्यापर्यंत."

मिटले. पण ते केस काही दिसेनात. ती शाळेला जाताना मी तिची घालायची ती लांब वेणीच दिसत राहिली.