बिरप्पाची मागची जागा

सोलापूर, ता. ५ सप्टेंबर १९३८

ती. महिपतीमामांस बिरप्पाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. मिलमध्ये मागावर हात बसला आहे आणि संध्याकाळचा फुटबॉल चालूच आहे. हिंदुस्थानचा संघ ऑस्ट्रेलियाला खेळायला गेल्यापासून आमच्या कप्तान विरुपाक्षांचे पाय जमिनीला लागत नाहीत. हिंदुस्थान मैदानात कसा उभा राहतो ते त्यांनी कोळशाने भिंतीवर काढलं: पुढे गोल करायला पाच, मधे तीन, मागे राखणीला दोन बॅक आणि शेवटी गोलकीपर. मी मागचा बॅक. तिथे माणूस नुसता उभा दिसतो.

मायाक्काचे वडील धुळाप्पा मेंढरांचा कळप सोडून रविवारी मला पाहायला येणार, तेही थेट मैदानावर. हुलजंतीच्या जत्रेत मायाक्का दिसल्यापासून माझं दुसरीकडे मन लागत नाही. म्हणून मटणाच्या एका जेवणावर कप्तानांची पुढची जागा त्या दिवसापुरती मागून घेतली आहे. माझ्या जागी ते उभे राहतील. बरं केलं ना?

माया पातळ होऊ देऊ नये.
आपला बिरप्पा

मोडनिंब, ता. ८ सप्टेंबर

चि. बिरप्पास मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढं पाच आन् म्हागं दोनच? लांडगा आला म्हंजी? मी म्हटलं, ते हिंदुस्थान बघून घेईल, आपल्याला सोयरीक जुळवायची आहे. जागा बदललीस ते झकास केलंस. मुलगा पाहायला येणाऱ्याला मुलगा दिसायला तरी हवा. लाल मुंडासं बांधून खेळ, म्हणजे लांबून ओळखू येशील.

गोल किती केलेस ते कळव. आमची आठवण ठेवावी.
महिपती

सोलापूर, ता. १२ सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

दोन गोल केले. दुसऱ्या वेळी मुंडासं सुटून पायात आलं आणि चेंडू, मुंडासं व मी एकदमच जाळीत गेलो. लोकांनी टोप्या उडवल्या. धुळाप्पांनी मात्र काठीवर टेकलेली हनुवटी हलवली नाही. खेळ संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, त्यो म्हागं हुबा व्हता त्यो कुनाचा? लगीन झालंय का त्याचं?

विरुपाक्षांना तीन मुलं आहेत, हे सांगताना मला रडू फुटायचंच राहिलं. मामा, काहीतरी करा.

आपला, हवालदिल
बिरप्पा

मोडनिंब, ता. १६ सप्टेंबर

चि. बिरप्पास अ. उ. आ.

काल धुळाप्पा घरी आले. म्हणाले, हिरवं दिसलं की पुढं कुनीबी पळतंय. कळपाचा धनी म्हागनं चालतो, पोरगी द्यायची ती त्याला. मी घाईघाईने सांगितलं की ती मागची जागा आमच्या बिरप्पाचीच, त्या दिवसापुरती बदलली होती. मला वाटलं काम फत्ते झालं. तर म्हणाले, मंग लईच वाईट. दावायला म्हणून ज्यानं आपली जागा सोडली, त्याला पोरगी कशी देऊ? आणि वाढलेली भाकरी तशीच ठेवून उठले.

तुला शाबासकी मी दिली, म्हणून मामी माझ्याशी बोलत नाही. हातापाया पडून धुळाप्पांना येत्या पंचवीस तारखेला पुन्हा यायला राजी केलं आहे. आता कप्तानाने भिंतीवरचा हिंदुस्थान उलटा काढला तरी जागचा हलू नकोस.

तुझ्या काळजीत,
महिपतीमामा

सोलापूर, ता. २६ सप्टेंबर

ती. मामा-मामींस सा. न. वि. वि.

काल मी मागेच उभा राहिलो. कप्तान ओरडत होते, पुढं ये की, गोल मोकळा हाय. मी गेलो नाही. आमचे पाचही जण पुढे राहिले आणि समोरचे तिघे चेंडू घेऊन माझ्यावर चालून आले. मी डोळे मिटून आडवा पडलो. चेंडू पोटात बसला, पण मागे गेला नाही. श्वास येईना, तरी नजर धुळाप्पांनाच शोधत होती. ते जागेवर नव्हते. उठून गेले असं वाटलं आणि मला फार वाईट वाटलं.

मान वळवली तर ते भर खेळात मैदानातून माझ्याकडेच चालत येत होते. आले, खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या अंगावर घातलं आणि शेजारी बसले. रेफरी शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. हा माणूस कोण आणि मैदानात कसा, असं त्याने मला दरडावून विचारलं. मी धुळाप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, सांग की.

मी सांगितलं, सासरे.

आपल्या दोघांचा लाडका,
बिरप्पा